वाई नीट बघायची असेल तर नदी धरून चाला

महाबळेश्वरला जाणाऱ्या कितीतरी गाड्या वाईत थांबतात. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर चार फोटो, एक चहा आणि लगेच पसरणी घाट. मला दरवेळी वाटतं, अरे एवढं सुंदर गाव आहे, एक रात्र तरी राहा की. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्यांना खरंच वाई बघायचीय त्यांच्यासाठी. कुठून सुरुवात करायची, काय चालत बघायचं, कशाला गाडी लागते, कधी यायचं आणि कधी अजिबात यायचं नाही, सगळं सांगतो.

आधी नकाशा डोक्यात बसवून घ्या, मग बाकीचं आपोआप कळत जातं. वाई सातारा जिल्ह्यात आहे, पुण्यापासून साधारण ९० किलोमीटर, साताऱ्यापासून ३५ च्या आसपास. कृष्णा उगम पावते क्षेत्र महाबळेश्वरला, तिथून जोरच्या खोऱ्यात उतरते, मग बलकवडी धरण, मग धोम धरण, मग मेणवली आणि मग वाई. म्हणजे कृष्णेच्या काठावरचं पहिलं शहर म्हणायचं तर ते वाईच. इथून पुढे ती भुईंजवरून साताऱ्याजवळच्या माहुलीला जाते आणि तिथे तिला वेण्णा मिळते. वाईच्या उत्तरेला पांडवगड आणि मांढरदेवचा डोंगर, दक्षिणेला पाचगणीचं पठार आणि त्याच रांगेत पुढे वैराटगड. या दोन रांगांच्या मधल्या सपाट पट्ट्यात नदी, नदीला लागून गाव आणि गावाभोवती ऊस, हळद, आल्याची शेती. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर आणि पाचगणी जवळपास तेराशेवर, अंतर फक्त बारा-तेरा किलोमीटर. म्हणून तर पसरणी घाट एवढा वळत वळत चढतो. आणि पावसाचं बघा, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो पण तीसेक किलोमीटर पूर्वेला वाईत येईपर्यंत ढग बराचसा रिकामा झालेला असतो. त्यामुळे जुलैमध्ये वर धुकं आणि मुसळधार, खाली वाईत मात्र रिमझिम आणि मधूनच ऊन असं पण बघायला मिळतं.

लोकसंख्या म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत शहराची ३६ हजारांच्या आसपास आणि अख्ख्या तालुक्याची दोन लाख. म्हणजे नगरपालिका आहे, कॉलेज आहे, एमआयडीसी आहे, तालुक्याची सगळी ऑफिसं आहेत, पण जुनं गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरामात चालत होतं. रोज मात्र गावात याच्यापेक्षा खूप जास्त माणसं असतात, कारण आजूबाजूच्या खेड्यातली पोरं शिकायला इथेच येतात, शेतकरी बियाणं-खतं घ्यायला येतात, कोर्टकचेरीची कामं असतात आणि त्यात टुरिस्टची भर. या भागातली खूप माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईत, माथाडी कामगार म्हणून, आधी गिरण्यांमध्ये, आता मिळेल तिथे. गावची यात्रा असली की हे सगळे मुंबईकर घरी येतात आणि तेव्हा एसटीला उभं राहायला जागा मिळत नाही, हे प्लॅन करताना लक्षात ठेवा.

यायचं कसं? पुण्याहून सातारा हायवेने खंबाटकी घाट ओलांडायचा आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, तिथून दहा-बारा किलोमीटर. या सुरूर-वाई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने वड आहेत आणि मला विचाराल तर वाई बघायला तिथूनच सुरुवात होते. रस्ता रुंद करायचा विषय निघाला की या वडांवर टांगती तलवार असते, त्यामुळे जे उभे आहेत ते डोळे भरून बघून घ्या. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी पाचवड फाट्यावरून आत यायचं. एसटीने यायचं तर स्वारगेटहून महाबळेश्वरच्या गाड्या वाईवरूनच जातात, वाईला उतरायचं, स्टँडपासून घाट चालत जाता येतो. रेल्वे वाईला नाही, जवळची स्टेशनं म्हणजे वाठार नाहीतर सातारा, पण तिथून पुन्हा बस-रिक्षा करावी लागते म्हणून सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर रेल्वेच्या भानगडीत पडू नका.

संध्याकाळी पोचलात तर लगेच देवळात पळू नका. गाडी असेल तर पसरणी घाट अर्धा चढा आणि एखाद्या रुंद सुरक्षित वळणावर थांबा, वळणाच्या अगदी तोंडावर नाही, तिथे अपघात होतात. खाली सगळं खोरं दिसतं, धोमचं पाणी पश्चिमेला चमकतं, नदीची रेघ, गणपतीचा पांढरा कळस, समोर पांडवगड. आत्ता वर जे सांगितलं ते सगळं एका नजरेत समजतं. घाटाच्या पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, १९२३ साली त्यांचा जन्म इथलाच. घाट पूर्ण चढून गेलात की पाचगणीच्या अलीकडे हॅरिसन फॉली म्हणून पठार आहे, पॅराग्लायडिंगवाले तिथूनच उडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत घाटावर या. हे मी आग्रहाने सांगतोय. दहा वाजले की बसेस येतात, हॉर्न सुरू होतात आणि सगळी मजा जाते. सकाळी सहा-साडेसहाला मात्र घाटावर पूजेला आलेली माणसं, धुणी, शाळेत निघालेली पोरं आणि नदीवर वाफ, हिवाळ्यात तर फारच छान वाटतं.

आता वाईची रचना समजून घ्या, कारण इथेच लोक चुकतात, एक घाट बघून वाई बघितली म्हणतात. जुनं गाव आळ्यांचं आहे आणि नदीवर घाट सात: भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह. प्रत्येक आळीचा आपला घाट, आपलं देऊळ आणि आपला कृष्णाबाईचा उत्सव. हिवाळा सरत आला की हे उत्सव सुरू होतात आणि एका घाटाचा झाला की दुसऱ्या घाटाचा असं करत उन्हाळा लागेपर्यंत चालतात. कृष्णाबाईची मूर्ती मांडवात बसवतात, कीर्तन, भजन, बायकांचं हळदीकुंकू, महाप्रसाद, सगळी आळी राबत असते. याची जी परंपरा सांगतात ती अफझलखानापर्यंत जाते. खान १६४९ पासून आदिलशाहीचा वाईचा सुभेदार होता आणि १६५९ ला प्रतापगडाखाली जायच्या आधी त्याचा तळ वाईतच होता. तेव्हा महाराजांना यश मिळू दे म्हणून इथल्या शेंडे घराण्यातल्या माणसाने कृष्णेला नवस बोलला आणि तो फेडायला हा उत्सव सुरू झाला असं गावात मानतात. नदीचाच उत्सव, नदीच देवी, आणि तोही आळीआळीने. मला वाटतं वाईची खरी ओळख ही आहे, देवळांची संख्या नंतर. या दिवसात आलात तर चौकशी करा आज कुठल्या घाटावर आहे, आणि महाप्रसादाला बसा म्हटलं तर बसा, संकोच करू नका.

ढोल्या गणपती गणपती आळीच्या घाटावर. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. मूर्ती एकाच काळ्या दगडातली, अंगाने भरलेली, म्हणून ढोल्या. दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नका, देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीकडे जा. ती भिंत माशाच्या आकारात निमुळती केलीय, नदीला पूर आला की पाण्याचा लोंढा तिच्यावर आपटून दोन बाजूंना फाकतो आणि देवळाला धक्का बसत नाही. अडीचशेच्या वर वर्षं झाली, धोममधून पाणी सोडलं की आजही पाणी देवळाला लागतं आणि देऊळ उभं आहे. त्या काळच्या गवंड्यांचं डोकं बघायचं असेल तर ही भिंत बघा, मला तर मूर्तीइतकीच ती महत्त्वाची वाटते.

शेजारीच काशीविश्वेश्वर, हे त्याच्याही आधीचं, १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांचं. आवार मोठं, दीपमाळा आणि समोर काळ्या दगडाचा नंदी, त्याच्या गळ्यातल्या माळा-घंटा इतक्या बारीक कोरल्यात की हात लावायचा मोह होतो, पण लावू नका. गणपतीच्या रांगेत पन्नास माणसं असली तरी इथे दोन-चारच असतात, निवांत बसता येतं. हे रास्ते म्हणजे पेशव्यांचे व्याही, नानासाहेब पेशव्यांची बायको आणि माधवरावांची आई गोपिकाबाई याच घराण्यातली. पेशवाईत वाईवर एवढा पैसा आणि एवढं बांधकाम का झालं त्याचं उत्तर बरंचसं या सोयरिकीत आहे.

तिथून काठाकाठाने चालत राहा. महालक्ष्मीचं देऊळ, धर्मपुरीचा रामेश्वर, छोटी छोटी देवळं, जुने वाडे, काही पडके काही राहते. राहत्या वाड्यात विचारल्याशिवाय डोकावू नका, कॅमेरा घेऊन तर नाहीच. पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ असतं, चपला घसरतात, म्हाताऱ्यांचा हात धरा. आणि निर्माल्य, प्लॅस्टिक, बिस्किटाचे पुडे पाण्यात टाकू नका हे मी हात जोडून सांगतो. पाणी कमी झालं की मार्च-एप्रिलमध्ये काठावर जे साचतं ते बघून जीव तुटतो आणि त्यातलं अर्धं बाहेरून आलेल्यांचं असतं.

वाईची दुसरी बाजू कुठल्याच टूर पॅकेजमध्ये नसते, ती म्हणजे विद्येची. इथे प्राज्ञपाठशाळा आहे, नारायणशास्त्री मराठ्यांची, जे पुढे केवलानंद सरस्वती झाले. धर्मकोशाचं, म्हणजे जुन्या धर्मशास्त्रातली वचनं विषयवार गोळा करणाऱ्या कोशाचं, प्रचंड काम या संस्थेचं. विनोबा भावे १९१७ च्या सुमाराला गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे शिकायला येऊन राहिले होते. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच घडले, इथेच राहिले. जुन्या शास्त्रांत मुरलेला हा माणूस अस्पृश्यता निवारणासाठी गांधीजींच्या बाजूने उभा राहिला आणि त्याच शास्त्रांतून आधार काढून दिला, आणि गांधीजींचा मुलगा देवदास याचं आंतरजातीय लग्न लावायलाही तेच होते. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थांनी वाईत बसूनच केलं, पहिला खंड १९७६ ला आला आणि विश्वकोशाचं ऑफिस आजही गंगापुरीत आहे. मराठीतला सगळ्यात मोठा ज्ञानाचा प्रकल्प मुंबई-पुण्यात नाही, या ३६ हजारांच्या गावात उभा राहिला, ह्याचा मला फार अभिमान वाटतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना निदान ती इमारत दाखवा आणि हे सांगा, विश्वकोश आता नेटवर फुकट वाचता येतो हेही सांगा. लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालयाची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात असते, त्या वेळी आलात तर एखाद्या संध्याकाळी जाऊन बसा, गावातली माणसं किती मन लावून ऐकतात ते बघा.

आता नदीच्या उलट्या दिशेने वर चला. मेणवली तीनेक किलोमीटर, सकाळी थंड असताना चालत जाता येतं, नाहीतर रिक्षा, सायकल, काहीही. इथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. गाव नानांना इनाम मिळालं औंधच्या प्रतिनिधींकडून, १७६८ च्या सुमाराला, आणि मग त्यांनी वाडा, घाट, देवळं असं सगळं एकत्र बांधून घेतलं. सहा चौकांचा वाडा, जाड भिंती, सागवानी खांब, आणि काही दालनांत भिंतींवर जुनी चित्रं. ती चित्रं उडत चाललीत म्हणून फ्लॅश मारू नका आणि टेकून उभे राहू नका. वाडा खाजगी आहे, जे तिकीट असेल ते द्यायचं आणि जिथे नको म्हणतील तिथे जायचं नाही. मागच्या बाजूने उतरलं की घाट, चंद्रकोरीसारखा वळलेला, वरती मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. आणि तिथे ती घंटा! पंचधातूची, अवजड, अंगावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. चिमाजी आप्पांनी १७३९ ला पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा इकडे आल्या, त्यातली ही एक. नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकरची घंटा पण त्याच लुटीतल्या मानतात. महादेवाच्या देवळापाशी मेरीचं चित्र असलेली घंटा शांतपणे लटकतेय, कोणाला त्याचं काही वाटत नाही, मला ही गोष्ट मनापासून आवडते. ‘स्वदेस’चं शूटिंग या घाटावर झालं म्हणून खूप लोक येतात, ‘गंगाजल’ पण वाईतलाच, उत्तर भारतातलं गाव दाखवायचं असलं की हिंदीवाले इथेच येतात. शूटिंग चालू असेल तर घाट बंद असू शकतो म्हणून निघायच्या आधी गावात कोणाला तरी विचारून घ्या.

मेणवलीवरून पुढे धोम, वाईपासून आठेक किलोमीटर. धरणाच्या भिंतीकडे जाण्याआधी गावातलं देऊळ बघा. कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात दगडाचं कासव आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंड पाण्याने भरलं की कासव पोहतंय असंच वाटतं. शेजारी उंच गोल चौथऱ्यावर नरसिंह. इतकं नाजूक दगडकाम आणि बघायला माणूस नाही, खरंच वाईट वाटतं. धरण सत्तरच्या दशकातलं, साडेतेरा टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), वाईपासून पार कोरेगावपर्यंतची शेती त्याच्या कालव्यांवर आहे. पाण्यात उतरू नका, काठ गाळाचा असतो आणि खोली अचानक वाढते.

गडप्रेमींसाठी वाई म्हणजे चैन आहे. पांडवगड सगळ्यात जवळ, मेणवलीवरून किंवा धावडीवरून चढतात, अर्ध्या दिवसात होतो. हा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानतात. वैराटगड व्याजवाडीतून, छोटा पण चढ छातीवरचा. कमळगड धोमच्या पलीकडे, त्याच्या माथ्यावर जमिनीत खोल उतरत जाणारी गेरूची विहीर आहे, तांबड्या ओल्या मातीच्या भिंती, आत चक्क गारवा. कमळगडाला पूर्ण दिवस द्या आणि जंगल दाट आहे म्हणून वाट माहीत असलेला माणूस गावातून घ्या. केंजळगड-रायरेश्वर खावलीच्या बाजूने होतात. गडांवर जायचं नसेल त्यांनी लोहाऱ्याजवळची पालपेश्वर लेणी बघावीत, बौद्ध लेणी आहेत, फारसं कोणी जात नाही.

कधी यायचं? माझं मत विचाराल तर सप्टेंबर शेवट ते डिसेंबर मध्य. डोंगर हिरवे, नदीला पाणी, हवा चांगली. जानेवारी ते मार्च उत्सवांसाठी. एप्रिल-मे मध्ये दुपारी घाटाचा दगड तापतो, सकाळ-संध्याकाळच फिरा. रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं, वाईपासून अगदी जवळ, कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत शेतांमधून तो अवाढव्य लाकडी रथ बैलांच्या कितीतरी जोड्या बदलत ओढत नेतात, लाखाच्या घरात गर्दी होते. बघण्यासारखं आहेच, पण लहान मुलं घेऊन गर्दीत शिरू नका आणि बैलांच्या वाटेत तर मुळीच उभे राहू नका. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा, तेव्हा वाईतले रस्ते भरलेले असतात. २००५ च्या यात्रेत तिथे चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या जवळपास माणसं गेली, तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो. देवीला जायचंच असेल तर यात्रा टाळून साध्या दिवशी जा, दर्शन पण नीट होतं. आणि पंधरा ऑगस्ट, नाताळ, लाँग वीकेंड या दिवशी पसरणी घाट ठप्प असतो, त्या दिवशी वाई बघायची असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या.

राहायला गावात साधी लॉज आहेत आणि मेणवली-धोमच्या रस्त्याला फार्म स्टे बरेच झालेत. पाचगणीत राहून वाई बघू असं म्हणू नका, सकाळी उठून घाट उतरणं होत नाही, शेवटी वाई राहून जाते. जेवायला साध्या खाणावळीत जा, भाकरी, पिठलं, आमटी-भात, मांसाहारी असाल तर मटणाचा रस्सा, हा भाग रश्श्यासाठी तयारच आहे. हिवाळ्यात रस्त्यावर स्ट्रॉबेरी मिळते, वरच्यापेक्षा खाली कधी कधी स्वस्त पडते, खोक्याच्या तळाची फळं बघून मगच घ्या. घरी न्यायचं तर हळद घ्या, फेब्रुवारी-मार्चनंतर नवीन हळद बाजारात येते, दुकानात पाकीट घेण्यापेक्षा हळकुंडं घेऊन घरी दळलेली जास्त चांगली. कंदी पेढे हवे असतील तर ते साताऱ्याचे.

परत जाताना रविवारी दुपारनंतर निघालात तर महाबळेश्वरची सगळी गर्दी तुमच्याबरोबर सुरूर फाट्यावर असणार. त्यापेक्षा सकाळी अकराच्या आत निघा, नाहीतर सरळ जेवून, झोपून रात्री नऊनंतर निघा. साताऱ्याकडे जायचं असेल तर पाचवडचा रस्ता धरा, सुरूरला जायची गरज नाही.